लेकॉक ओव्हरड्राइव्हची दुरुस्ती

लेकॉक-डी नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडलेला, स्विचवर चालणारा जादा गिअर. इंग्रज अभियंता एडगर डी नॉर्मनव्हिल याने तो रचला, शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने बनवला आणि १९४८ मध्ये तो स्टँडर्ड व्हॅनगार्डवर आला. पुढे ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ टीआर, एमजीबी, जॅग्वार, व्होल्वो अशा अनेक गाड्यांना तो बसला. काटेकोरपणे पाहिले तर ‘व्हिंटेज’ हा शब्द १९३० पर्यंतच्याच गाड्यांचा. भारतातल्या २०२१ च्या नोंदणी नियमांनी मात्र पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना तो बहाल केल्यामुळे यांतल्या बऱ्याच गाड्या आता त्यात मोडतात.

गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लॅनेट गिअरांचा, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांचा, कॅरिअर (त्यांना धरणारी चौकट) फिरवतो. बाहेरची रिंग चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला जोडलेली असते. मधला सन गिअर शंकूच्या आकाराच्या क्लचला, म्हणजे कोनला, बांधलेला. एरवी स्प्रिंगा हा कोन रिंगेवर दाबून धरतात आणि सगळे एकास एक फिरते. पुढची ओढ एका दिशेनेच पकडणारा रोलर क्लच पेलतो. रिव्हर्सचा आणि उतारावर इंजिनाने धरलेल्या गाडीचा भार कोनवर येतो. स्विच दाबला की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबक, तेलाची झडप उघडतो, तेलाच्या दाबाने पिस्टन कोनला सरकवून ओतीव लोखंडाच्या ब्रेक रिंगवर चिकटवतात, सन गिअर जागीच थांबतो आणि मागचा शाफ्ट जास्त वेगाने फिरू लागतो. गुणोत्तर साधारण ०.८, त्याच वेगाला ३००० फेऱ्यांवर गुरगुरणारे इंजिन २४०० वर येते.

ओव्हरड्राइव्ह लागत नाही म्हटले की युनिट उतरवायची घाई होते. ती महागात पडते, कारण एमजीबीत त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, आणि दोष बहुतेक वेळा वायरीत, तेलात किंवा कचऱ्यात असतो. आधी गाडी उभी ठेवून इग्निशन चालू करावे, टॉप गिअर टाकावा, स्विच दाबून कान द्यावा. ‘टक्’ आवाज आला नाही तर फ्यूज, रिले आणि गिअरबॉक्सवरचा इन्हिबिटर स्विच तपासावा. हा स्विच खालच्या गिअरांत ओव्हरड्राइव्ह लागू देत नाही आणि बिघडला की वरच्यातही देत नाही.

या ओव्हरड्राइव्हच्या जुन्या, ‘ए-टाइप’ प्रकारच्या सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात. ओढणारी १५ ते २० अँपिअर घेते, धरून ठेवणारी एक-दोन. आतला सरकता दांडा, म्हणजे प्लंजर, शेवटपर्यंत गेला नाही तर पहिली बंदच होत नाही आणि सोलेनॉइड जळतो. नुसता नवा बसवला तर तोही जळणार. दोष सोलेनॉइडला झडपेशी जोडणाऱ्या लिव्हरच्या सेटिंगचा. लिव्हरला आणि केसिंगला एकेक भोक असते. सोलेनॉइड ओढलेला असताना दोन्हींतून ३/१६ इंची, म्हणजे फिटरच्या भाषेत दीड सुती, सळई आरपार गेली पाहिजे. ड्रिलचे मागचे टोकही चालते. झडपेची उचल जेमतेम पाव सूत, म्हणजे १/३२ इंच. त्यामुळे इथे अंदाजाने काम होत नाही.

झडपही गाडीवरच निघते. टीआरमध्ये सीटांमधले आवरण काढले की वरचा प्लग हाताला येतो. पण तो सोडण्याआधी इग्निशन चालू ठेवून स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद करून दाब उतरवावा, नाहीतर तेल अंगावर येते. प्लगखालून स्प्रिंग, प्लंजर आणि गोळी निघते. पोकळ झडप ताठ तारेने वर ओढायची. तिच्या अंगाला सुईएवढे भोक असते. ते तुंबले की ओव्हरड्राइव्ह सुटायला वेळ लावतो किंवा सुटतच नाही.

न सुटणारा ओव्हरड्राइव्ह हा या यंत्राचा सर्वांत घातक बिघाड. अशा वेळी रिव्हर्स अजिबात टाकू नये: कोन आणि रोलर क्लच एकमेकांविरुद्ध अडकतात आणि आत मोडतोड होते. गाडी ढकलूनही मागे घेऊ नये. झडप साफ असूनही सुटत नसेल तर कोन ब्रेक रिंगवर चिकटलेला असतो. या रिंगची कड दोन केसिंगांच्या मध्ये बाहेरून दिसते; तिच्यावर कातडी हातोड्याचे चार ठोके दिले की तो बरेचदा सुटतो. रांगडा उपाय खरा, पण कामाचा.

कोन घसरत असेल तर आधी दाब मोजावा, मग तेलाचा संशय घ्यावा. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह यांचे तेल एकच असते. घर्षण कमी करणारे कुठलेही औषध त्यात घालायला कंपनीची मनाई होती. कोनचे काम घर्षणावरच चालते.

एवढे करूनही दाब चढत नसेल तर मात्र युनिट उतरवायचे. केसिंग सोडताना आखूड स्टडचे नट आधी आणि लांब स्टडचे शेवटी, आळीपाळीने थोडे थोडे ढिले करायचे, कारण आतल्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात. जोडताना खरी कसोटी स्प्लाइनची, म्हणजे शाफ्टवरच्या लांबट खाचांची. प्लॅनेट कॅरिअर आणि रोलर क्लच यांच्या आतल्या खाचा एका रेषेत आणून डमी शाफ्टने धराव्या लागतात. शेवटचा थोडा भाग बसेना म्हणून नट आवळून युनिट ओढून घेणारे खाचा तरी मोडतात, नाहीतर तेलाचा दाब देणाऱ्या पंपाचा रोलर. जमलेले असेल तर ते हाताने सरकते. तेल भरल्यावर थोडे अंतर चालवून पातळी पुन्हा पाहावी. युनिट आपला वाटा पिऊन घेते आणि तेल मोजायच्या काडीवर ती खाली दिसते.