आग विझवणारं ‘दल’ : खान्देशातल्या गावांची पार्श्वभूमी

खान्देशातल्या खेड्यात आग लागली की बातमी देवळाच्या नाहीतर मशिदीच्या भोंग्यावरून जाते आणि पहिलं पाणी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून येतं. तालुक्याचा बंब पोचेपर्यंत कडब्याची गंजी बसलेली असते. या धावून जाणाऱ्या पोरांना ‘दल’ म्हणायचं की नुसती गर्दी, हा वाद मात्र आग विझल्यावर सुरू होतो, आणि तो निदान १९५८ च्या कायद्यातल्या एका शब्दाइतका जुना आहे.

त्याआधीचं थोडक्यात. जागल्याची हाळी, विहिरीपासून हातोहात घागरी, आणि आग पुढे सरकू नये म्हणून शेजारचं छप्पर ओढून पाडणं. धाब्याच्या घराचं मातीचं छत सहसा पेटत नाही. पेटतात त्या वर रचलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या. सातपुड्यात घरं कुडाची, पण पाड्यावर घराघरांत अंतर. सपाटीवरच्या गावांत भिंतीला भिंत, तिथं ती सोय नाही.

आता तो १९५८ चा शब्द. त्या वर्षीच्या ग्रामपंचायत कायद्याला पंचायतीच्या कामांची सूची जोडलेली आहे. तीत आगही आहे. पण पंचायतीकडे आग विझवण्याचं काम दिलेलं नाही, विझवायला ‘साहाय्य’ करण्याचं दिलंय. साहाय्य कुणाला, हे काही तिथं उलगडत नाही. गावात दुसरं कुणी विझवणारं असतं तर प्रश्नच नव्हता. शेजारी १९२७ चा वन कायदा ठेवून पाहिला की गंमत कळते. जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्याने वणवा विझवायला मदत करणं तिथं बंधनकारक आहे. न केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. तिथं मदत कुणाला करायची ते स्पष्ट आहे: वनाधिकाऱ्याला आणि पोलिसाला. म्हणजे सातपुड्याच्या उतारावर राहणारा माणूस वणव्यात सक्तीचा मदतनीस, आणि स्वतःच्या गोठ्याला आग लागली तर ज्या पंचायतीकडे धावायचं, तीही मदतनीसच. मुख्य माणूस कागदावर कुठेच नाही.

१९९२ च्या घटनादुरुस्त्यांत हे निस्तरता आलं असतं. नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची आली तीत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत: शेती, मत्स्यव्यवसाय, खादी, वाचनालयंसुद्धा. आग नाही. म्हणून बंब शहराचा झाला आणि खेडं झालं ‘हद्दीबाहेर’. बंब गावाबाहेर गेला तर शहर उघडं पडतं, ही पालिकेची अडचण खोटी नाही. पण गावाने भरायचं ते बंबाचं बिल, ट्रॅक्टरचं डिझेल आणि विहिरीवरची जळालेली मोटार खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली टाकायची, असं ग्रामसेवक विचारतो तेव्हा त्याच्यापुढे तोच ‘साहाय्य’ शब्द असतो. तरण्या पोरांच्या गटाची नोंद करा, विमा काढा, असं म्हटलं की गाडी तिथंच अडते. माझ्या मते दोष पोरांच्या शिस्तीचा नाही, शब्दाचा आहे.

(बंब हा शब्दही मजेशीर. मूळ पोर्तुगीज, अर्थ पंप. आपल्याकडे पोटात विस्तव ठेवून आंघोळीचं पाणी तापवणाराही बंबच, आणि आगीवर पाणी मारणाराही.)

गावचं खरं दल उभं राहिलं ते मोटारीनं. विहिरींवर वीज आली, पाच हॉर्सपॉवरची मोटार आली, आणि पाइप जोडून घरापर्यंत पाणी मारता येऊ लागलं. १९७२ च्या दुष्काळानंतर टँकर ओळखीचा झाला. पुढे केळी-कपाशीच्या पट्ट्यात फवारणीचे ट्रॅक्टरचे पंप आले. टाकीत काही शे लिटर पाणी आणि बऱ्यापैकी दाब: हाच गावचा बंब. पण मोटारीची गोम अशी की गावात तारा पेटल्या की वीज आधी बंद करावी लागते, आणि वीज गेली की मोटारही गेली. म्हणून ज्याचा पंप ट्रॅक्टरवर चालतो, त्याच्या दारात पोरं आधी जातात.

भाव चढेल या आशेनं घरात रचून ठेवलेला कापूस, हे इथलं खास दुखणं. कापूस वरून विझतो आणि आत धुमसत राहतो. पाणी खोलवर मुरत नाही. ढीग ओढून, पसरून, पुन्हा भिजवावा लागतो. हे गावातल्या पोरांना कुणी शिकवलेलं नाही. २००५ च्या आपत्ती कायद्यानंतर स्वयंसेवकांची प्रशिक्षणं आली, पण २०१६ साली सुरू झालेल्या ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवकांच्या योजनेचा आधार पूरप्रवण जिल्हे होता. खेड्यात बंब २० मिनिटांत पोचावा, असा केंद्राच्या सल्लागार मंडळाचा निकष आहे. सातपुड्यातल्या धडगावच्या घाटात हा निकष वाचून दाखवायला हरकत नाही.

अग्निशमन सप्ताह १४ ते २० एप्रिल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोटकांनी भरलेलं जहाज उडालं आणि ६६ अग्निशमन जवान गेले, त्या स्मरणार्थ. जहाजात कापसाच्या गाठीही होत्या. त्या आठवड्यात शहरात शाळेच्या मैदानावर बंबाची प्रात्यक्षिकं होतात. खान्देशातल्या खेड्यात तेव्हा विहिरी तळाला असतात, धाब्यावर पऱ्हाट्या रचलेल्या असतात, आणि शेतीची वीज रात्रीची पाळी असेल तर मळ्यातल्या मोटारी भर दुपारी बंद.