मिशा बघा, रंग नको: माळावरचे दोन नाकतोडे

पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात माळावरच्या गवतात निमुळत्या डोक्याचे दोन नाकतोडे भेटतात. शास्त्रीय नावाने एक अक्रिडा, दुसरा युकोनोसेफॅलस. दोघेही कधी हिरवे, कधी तपकिरी. गावात दोघांनाही नाकतोडाच म्हणतात. पण प्रजातींची यादी करताना हे दोन एका रकान्यात टाकले की सगळी मोजणीच बिघडते, कारण युकोनोसेफॅलस हा अक्रिडापेक्षा रातकिड्याच्या जवळचा.

रंगावर जाऊच नका, मिशा बघा. अक्रिडाच्या मिशा चपट्या, तलवारीच्या पात्यासारख्या आणि शरीरापेक्षा आखूड. दुसऱ्याच्या केसासारख्या बारीक, लांबलचक. पकडताना मिशा तुटल्या तर भिंगातून पुढचा पाय बघा. युकोनोसेफॅलसच्या गुडघ्याच्या जरा खाली बारीक चीर दिसते, तो त्याचा कान! अक्रिडाचा कान पोटाच्या बाजूला, पंखाखाली झाकलेला असतो. पाऊल मोजलं तर अक्रिडाचे तीन भाग, युकोनोसेफॅलसचे चार. मादी असेल तर प्रश्नच मिटतो: लांब मिशांच्या मादीला मागे पात्यासारखा लांब अंडनिक्षेपक (अंडी घालायचा अवयव) असतो, अक्रिडाच्या मादीला नुसते आखूड आकडे, माती उकरून अंडी घालायला.

हा फरक सर्वेक्षणाची वेळही ठरवतो. आखूड मिशांचे बहुतेक नाकतोडे दिवसा हिंडतात, जाळी फिरवली की मिळतात. रुईवरचा निळा-पिवळा पट्टेदार तर जाळीशिवायही ओळखू येतो. लांब मिशांचे बहुतेक रात्री पंखावर पंख घासून गातात. त्यांच्यासाठी टॉर्च हवा, रेकॉर्डर हवा, आणि एका जागी गप्प उभं राहायची तयारी हवी. फक्त दिवसा केलेल्या यादीला मी अर्धीच यादी म्हणतो. जुन्या ग्रंथांतही हा कल दिसतो: कीटकशास्त्रज्ञ किर्बी यांचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरचा १९१४ चा खंड आखूड मिशांच्याच कुळावर आहे.

नमुना घेणार असाल तर आधी फोटो काढा, मेल्यावर हिरवा रंग पिवळट पडतो. आणि आखूड पंखांचा दिसला की लगेच नवी प्रजाती समजू नका, ते पिल्लूही असू शकतं. मोठ्या पिल्लांत मागच्या पंखांचे कोंब पुढच्यांवर चढलेले असतात, प्रौढात पुढचे पंख वर असतात. पिल्लू असेल तर प्रजातीचा रकाना मोकळा सोडा.