गोलशून्य बरोबरी

फुटबॉलच्या सामन्यात ठरलेली वेळ संपेपर्यंत एकाही संघाला गोल करता आला नाही, तर त्या निकालाला गोलशून्य बरोबरी म्हणतात. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये साधारण बारा-पंधरा सामन्यांमागे एक सामना असा संपतो, म्हणजे निकाल तसा नेहमीचाच. पण सामन्यानंतर चाहत्यांमध्ये जो वाद रंगतो तो या निकालाइतका दुसऱ्या कुठल्याच निकालावर रंगत नाही. ३-० ने जिंकलं किंवा हरलं की बोलायला फार उरत नाही. ०-० ला मात्र एकाच स्टँडमधून उठलेली दोन माणसं जणू दोन वेगळ्या मॅच पाहून बाहेर पडतात. एकाच्या मते संघ भक्कम खेळला, दुसऱ्याच्या मते नव्वद मिनिटं नुसता बॉल फिरवत बसला.

पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामनाच गोलशून्य होता. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिक इथे, एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड समोरासमोर आले. प्रचलित नोंदींनुसार स्कॉटलंडने सहा आणि इंग्लंडने आठ फॉरवर्ड उतरवले होते. चौदा जण गोलच्या मागे धावत होते, तरी गोल झाला नाही. बचावात्मक खेळलं की ०-० होतं, हा समज या एका सामन्यापुरता तरी खोटा ठरतो.

विश्वचषकात पहिली गोलशून्य बरोबरी व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. ११ जून रोजी स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात ब्राझील आणि इंग्लंड यांनी ती नोंदवली. त्यानंतरच्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यात ब्राझीलने संघ बदलला आणि सतरा वर्षांचा पेले व गॅरिंचा यांना पहिल्यांदा विश्वचषकात उतरवलं. तो सामना ब्राझीलने २-० ने जिंकला आणि पुढे चषकही उचलला. ०-० नंतर ‘अमक्याला बसवा, तमक्याला खेळवा’ म्हणणाऱ्यांना इतकं भरघोस उत्तर पुन्हा क्वचितच मिळालं असेल. १९६६, १९७०, १९७४ आणि १९७८ या चारही विश्वचषकांचे उद्घाटनाचे सामने मात्र ०-० सुटले. पहिल्याच दिवशी हरायचं नाही, एवढाच त्या संघांचा हिशेब होता.

एक गुण मिळाला की दोन गेले?

वादाचं मूळ गुणांच्या पद्धतीत आहे. पूर्वी विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण असे, म्हणजे बरोबरी ही अर्धा विजय होती. माजी खेळाडू आणि प्रशिक्षक जिमी हिल यांच्या आग्रहावरून इंग्लंडच्या लीगने १९८१ मध्ये विजयाला तीन गुण द्यायला सुरुवात केली आणि १९९४ च्या विश्वचषकात ही पद्धत जागतिक झाली. बरोबरीची किंमत त्यामुळे एक तृतीयांशावर आली. तेव्हापासून प्रत्येक ०-० नंतर चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, एक पॉइंट मिळवला. दुसरा म्हणतो, दोन पॉइंट घालवले. दोघेही बरोबर असू शकतात. समोर कोण होतं, मैदान कुणाचं होतं आणि गुणतक्ता काय सांगत होता, यावर ते ठरतं.

बाकी मुद्दे जगभर तेच. कोचने बदल उशिरा केले. स्ट्रायकर एकटा पडला. विंगवरून क्रॉस आले, पण बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, कुणीच नव्हतं. रेफ्रीने पेनल्टी दिली नाही. मैदान जड होतं. प्रतिस्पर्ध्याने बस उभी केली, म्हणजे जवळपास सगळा संघ आपल्याच गोलसमोर बचावाला लावला. हा शेवटचा वाक्प्रचारही एका गोलशून्य सामन्यातूनच गाजला. सप्टेंबर २००४ मध्ये टॉटनहॅमने चेल्सीला त्यांच्याच मैदानावर ०-० रोखलं, तेव्हा त्यांनी बस आणून गोलसमोर उभी केली, अशा अर्थाचं चेल्सीचे प्रशिक्षक जोसे मोरिन्हो चिडून बोलले. पुढे हीच बस मोरिन्होंच्याच संघांच्या नावे लागली, हा भाग निराळा.

अलीकडे या वादात ‘अपेक्षित गोल’ हा आकडा घुसला आहे. प्रत्येक फटक्याचं गोलात रूपांतर होण्याची शक्यता मोजून तिची बेरीज केली जाते; पेनल्टीची शक्यता साधारण पाऊण धरली जाते. संघाच्या नावावर दोनच्या आसपास अपेक्षित गोल असतील आणि प्रत्यक्षात भोपळा, तर दोष नशिबाचा किंवा फटके मारणाऱ्यांचा. आकडा अर्ध्याहून कमी असेल तर दोष आखणीचा. साधन उपयोगी आहे, पण त्याने वाद मिटत नाही. बॉक्समध्ये आलेला पास पायाला लागलाच नाही, तर तो फटकाच धरला जात नाही. चाहत्याला नेमका तोच क्षण रात्रभर छळत असतो.

आयर्लंड, १९९०

इटलीतल्या विश्वचषकात आयर्लंडने आठ दिवसांत दोन ०-० सामने खेळले आणि त्यांच्याच देशात त्यांचे दोन टोकांचे अर्थ लागले. १७ जूनला पालेर्मोत इजिप्तविरुद्धचा सामना इतका रटाळ झाला, की आयरिश दूरचित्रवाणीवर विश्लेषक एमन डन्फी यांनी हातातलं पेन फेकून दिलं. या खेळाची लाज वाटते, असा त्यांचा रोख होता. प्रशिक्षक जॅक चार्लटन भडकले आणि पुढच्या पत्रकार परिषदेत त्यांनी डन्फींच्या प्रश्नाला उत्तर द्यायला नकार दिला. देश दोघांत वाटला गेला, बहुसंख्य अर्थातच चार्लटन यांच्या बाजूने. २५ जूनला जेनोआत रुमानियाविरुद्ध १२० मिनिटांनंतर पुन्हा ०-०. निकाल पेनल्टींवर गेला. या वेळी गोलरक्षक पॅकी बॉनर यांनी पेनल्टी अडवली, डेव्हिड ओलिअरी यांनी निर्णायक पेनल्टी मारली आणि देश रस्त्यावर उतरला. खेळात मोठा फरक पडला नव्हता. त्या विश्वचषकात आयर्लंडने एकही सामना खेळाच्या वेळेत जिंकला नाही, तरी ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. गोलरक्षकाला मागे पास देऊन त्याने चेंडू हातात घेत वेळ काढण्याचा प्रकार त्या स्पर्धेत सगळ्यांनाच खुपला. १९९२ मध्ये नियम बदलला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलरक्षकाने हातात घेणं बंद झालं.

बाद फेरी आणि कोल्हापूर

बाद फेरीत ०-० हा शेवट नसतो. १९९४ च्या विश्वचषकाचा ब्राझील–इटली अंतिम सामना गोलशून्य राहिला, पण लोकांना आठवते ती रॉबर्टो बाज्जोने बारवरून मारलेली पेनल्टी. शूटआउट, म्हणजे पेनल्टींवर निकाल, झालं की नव्वद मिनिटांच्या खेळावरची चर्चा आपोआप मागे पडते.

महाराष्ट्रात हे जवळून पाहायचं तर कोल्हापुरात. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब असे पेठा-तालमींचे संघ उतरतात आणि प्रेक्षक क्लबचा नव्हे, आपल्या गल्लीचा मान राखायला येतो. शूटआउटला तिथे सरळ ‘टायब्रेकर’ म्हणतात. लीगचा सामना ०-० सुटला तर वाद स्टेडियममधून निघून पेठेतल्या कट्ट्यावर येतो आणि तिथे खेळाडूच्या घरापर्यंत जातो, कारण तो चार घरं सोडूनच राहत असतो. युरोपातल्या क्लबचा चाहता आपल्या स्ट्रायकरला दुरूनच शिव्या घालतो. इथे ‘काय रं, मोकळा गोल होता की!’ हे त्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर तोंडावर ऐकून घ्यावं लागतं, आणि उत्तरही द्यावं लागतं.

भारतीय संघ, २०१९ ते २०२५

एकच निकाल परिस्थितीनुसार किती वेगळा वाचला जातो, याचं भारतीय चाहत्यांना सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे स्वतःचाच राष्ट्रीय संघ.

१० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा इथे विश्वचषक पात्रता फेरीत भारताने कतारला ०-० रोखलं. कतार तेव्हा आशियाचा विजेता होता. आजारपणामुळे भारताचा प्रमुख गोल करणारा सुनील छेत्री संघाबाहेर होता. यजमानांनी पंचविसाहून अधिक फटके मारले आणि कर्णधार गुरप्रीतसिंग संधू एकामागून एक अडवत राहिला. बचावफळीत मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई होते. पुढे मधल्या फळीत गोव्याचाच राऊलिन बोर्जेस. त्या रात्री टीकेचा सूर निघालाच नाही. बहुतेकांनी हा निकाल विजय म्हणूनच साजरा केला. इतके फटके समोरून आले याचा अर्थ चेंडू बहुतेक वेळ आपल्याकडे नव्हता, असं म्हणणारे थोडे होते आणि त्यांना रसभंग करणारे ठरवण्यात आलं. महिन्याभराने, १५ ऑक्टोबरला, कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध भारत जवळपास हरलाच होता. ८८व्या मिनिटाला आदिल खानने हेडरवर गोल केला म्हणून १-१ सुटला. चेंडू सोडून खेळण्यात तरबेज झालेल्या संघाला चेंडू हातात आल्यावर काय करायचं ते सुचत नव्हतं. हा दोष दोह्यातही होता, फक्त तिथे तो दिसायची वेळ आली नाही.

पुढच्या पात्रता फेरीत तो उघडा पडला. २१ मार्च २०२४ रोजी सौदी अरेबियातल्या अभा इथे अफगाणिस्तानविरुद्ध ०-०, आणि पाच दिवसांनी गुवाहाटीत त्यांच्याकडूनच १-२ असा पराभव. मग ६ जूनला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेत. छेत्रीचा हा निरोपाचा सामना होता. १५१ सामने, ९४ गोल, आणि स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून अधिक माणसं. भारताला विजय हवा होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीला बदली खेळाडू रहीम अलीला समोर फक्त गोलरक्षक असताना संधी मिळाली, ती वाया गेली. बाकी वेळ कुवेतच्या बॉक्सपर्यंत जाऊन परत येण्यात गेला. ०-०. छेत्री रडत मैदानाबाहेर पडला आणि लोकही. नेमकं कशासाठी, निरोपासाठी की गुणांसाठी, हे वेगळं काढणं कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी वाद सुरू झाला तेव्हा पहिला रोख प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर होता. त्याच्या मागचा मुद्दा मात्र जास्त खरा आहे. त्या गटात भारताने सहा सामन्यांत फक्त तीन गोल केले. मनवीर सिंग, छेत्री आणि विंगर छांगटे यांचा प्रत्येकी एक, आणि त्यातला छेत्रीचा पेनल्टीवर. आयएसएल या देशातल्या मुख्य लीगमधले बहुतेक क्लब नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागी परदेशी खेळाडू उतरवतात आणि भारतीय फॉरवर्ड विंगवर ढकलला जातो. वर्षभर जे काम क्लबमध्ये करायला मिळत नाही, ते देशासाठी वर्षातून मोजक्या वेळा जमावं अशी अपेक्षा ठेवली जाते. ११ जूनला दोह्यात चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना कतारला गोल बहाल झाला आणि भारत १-२ हरला. पुढचे काही दिवस सगळी चर्चा त्या एका चेंडूभोवती फिरली. राग रास्त होता, पण त्यामुळे कोलकात्यातले वाया गेलेले दोन गुण सोयीस्करपणे विस्मरणात गेले. जूनमध्येच स्टिमाच यांना हटवण्यात आलं.

त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले. त्यांची सुरुवातही सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मॉरिशसविरुद्ध ०-० ने झाली. २५ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये आशियाई चषक पात्रतेचा पहिला सामना बांगलादेशशी होता. निवृत्ती मागे घेऊन छेत्री परत आला होता आणि पाहुण्यांकडून इंग्लंडमधल्या क्लबमध्ये खेळणारा हमझा चौधरी पदार्पण करत होता. सुरुवातीलाच भारताचा गोलरक्षक विशाल कैथच्या चुकीतून बांगलादेशला गोलची आयती संधी मिळाली, ती त्यांनी दवडली. पुन्हा ०-०. या वेळी चाहत्यांच्या आधी प्रशिक्षकच तुटून पडले. आपण प्रचंड संतापलो आणि निराश झालो आहोत, असं मार्केझ यांनी उघड सांगितलं. प्रशिक्षकानेच संघाची बाजू न घेतल्यावर समर्थक कोणत्या तोंडाने घेणार? तरीही ‘पहिलाच सामना आहे, हरलो तर नाही’ असं म्हणणारे निघाले. चाळीस वर्षांचा छेत्री अजून का लागतो, यावर एक निराळं भांडण जुंपलं, आणि ते निकालापेक्षा महत्त्वाचं होतं.

जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१ पराभव झाला आणि त्यानंतर मार्केझही गेले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला १-१, आणि १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर त्यांच्याकडूनच १-२. गोल छांगटेने केला होता आणि भारत आधी आघाडीवरही होता. चार सामन्यांनंतर खात्यावर दोन गुण, त्यातला एक शिलाँगचा. आशियाई चषकाची वाट तिथे बंद झाली. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० ने हरवलं.