शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक पालकत्व: पंजाबातल्या गरीब शीख मुलांना यातलं नेमकं काय मिळतं?

गुरुपूरबच्या, म्हणजे शीख गुरूंच्या स्मरणदिनाच्या, कार्यक्रमात गुणवंत मुलांना मंचावर बोलावून पाच-दहा हजारांचा चेक आणि गळ्यात सिरोपा म्हणजे सन्मानाचं वस्त्र दिलं जातं. दुसऱ्या दिवशी त्याचा उल्लेख ‘अमुक मुलांचं शिक्षण प्रायोजित केलं’ असा होतो. चेक देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या मुलाला मिळते ती शिष्यवृत्ती. आपल्याकडे आपण ज्याला शैक्षणिक पालकत्व म्हणतो ती गोष्ट वेगळी आहे, आणि या दोन्हींची गल्लत झाली की नुकसान मुलाचंच होतं.

शिष्यवृत्ती हा एका वर्षाचा हिशेब असतो. अट पूर्ण झाली की रक्कम मिळते. अट गुणांची असेल, उत्पन्नाची असेल किंवा जातीची. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले. शैक्षणिक पालकत्वात कुणीतरी आधीच सांगून ठेवतं, ‘या मुलीची नर्सिंगची सगळी वर्षं आमच्याकडे.’ मग फी, पुस्तकं, बसचा पास, वसतिगृह, परीक्षा शुल्क यातलं जे वेळेवर लागेल ते द्यायचं. म्हणजे एकात रक्कम ठरलेली असते, दुसऱ्यात जबाबदारी.

पंजाबात हा फरक कुठे जाणवतो ते पाहण्यासाठी माळव्यात जावं लागेल. माळवा म्हणजे सतलजच्या दक्षिणेचा पट्टा, मानसा, संगरूर, बठिंडा हे जिल्हे. इथल्या मजहबी आणि रामदासी या दलित शीख कुटुंबांकडे जमीन जवळजवळ नाहीच. बाप अनेकदा ‘सीरी’ असतो. सीरी म्हणजे जमीनदाराकडून उचल घेऊन वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर, आपल्याकडच्या सालगड्यासारखा. उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीही तोच उंबरा. जून-जुलैत भातलावणी, सप्टेंबरपासून नरमा म्हणजे कापसाची वेचणी. या दोन्ही हंगामांत घरातल्या मुली शेतात असतात आणि शाळेच्या हजेरीत खाडे पडतात. गुणांवर आधारलेली शिष्यवृत्ती इथेच हातची जाते. मुलगी मंदबुद्धी नसते, ती लावणीला गेलेली असते.

शीख समाजात जातीचे दाखले कसे, असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. अनुसूचित जातींचा 1950 चा आदेश मुळात हिंदूंपुरता होता, पण त्यातच पंजाबातल्या मजहबी, रामदासी, कबीरपंथी आणि शिकलगार या चार शीख जातींना अपवाद केला होता. 1956 मध्ये ती सोय सर्व अनुसूचित जातींच्या शिखांना मिळाली. 2011 च्या जनगणनेत पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचं प्रमाण जवळपास 32 टक्के होतं, देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक. शिवाय शीख हे 1993 पासून राष्ट्रीय पातळीवर अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. त्यामुळे एखादा मजहबी मुलगा कागदोपत्री दोन वाटांनी पात्र ठरतो, पण दोन्हींचा लाभ एकाच वेळी घेता येत नाही. जाट शिखाच्या घरातला, बापाने कर्जापायी आत्महत्या केलेला मुलगा मात्र अनुसूचित जातीच्या वाटेने जाऊच शकत नाही. त्याच्या नावावर दोन एकर असले तरी त्यावर बोजा असतो, आणि गावाच्या नजरेत तो ‘जमीनवाला’ असतो. मदतीच्या यादीत अशी मुलं फार उशिरा येतात.

सरकारी शिष्यवृत्तीचं मोल मी कमी लेखत नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीने पंजाबातल्या कितीतरी घरांतली पहिली पदवी शक्य केली. तो हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत, आणि कोणत्याही दात्याने त्याची जागा घेऊ नये. पण तिच्यात अडकलेला पैसा काय करतो, तेही पंजाबनेच दाखवलं. केंद्र आणि राज्य यांच्यात कुणी किती वाटा उचलायचा या वादात 2017-18 पासूनच्या तीन वर्षांची रक्कम थकली. कॉलेजांनी परीक्षेचे रोल नंबर अडवले, पदव्या आणि मूळ कागदपत्रं रोखून धरली. नोकरीच्या मुलाखतीला जाताना हातात प्रमाणपत्रच नाही, अशी अवस्था झाली. 2020-21 पासून केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40 टक्के ठरला. तोवर ज्यांची वर्षं गेली ती गेली. अल्पसंख्याकांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीतून 2022 मध्ये पहिली ते आठवीचे वर्ग वगळले गेले. आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने मोफत आहे, हे त्याचं कारण. पण वही, गणवेश आणि रिक्षाचं भाडं कायद्याने मोफत होत नाही.

शिष्यवृत्ती मिळूनही हात अपुरा कसा पडतो, याचं ठळक उदाहरण म्हणजे डॉ. मनमोहन सिंग. फाळणीत गाव सुटलेलं, वडील सुक्यामेव्याचे व्यापारी. पंजाब विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन 1955 मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथला वर्षाचा खर्च सुमारे 600 पौंड आणि शिष्यवृत्ती सुमारे 160 पौंड. बाकीचं घरून. घरचे पैसे यायला उशीर झाला की जेवण चुकायचं किंवा चॉकलेटच्या एका वडीवर भागायचं, असं त्यांच्या मुलीने पुढे लिहिलं आहे. त्यांच्या मागे, उशिरा का होईना, पैसे पाठवणारे वडील होते. सीरीच्या मुलीच्या मागे ते 440 पौंड उभे करणारं कुणी नसतं. शैक्षणिक पालकत्वाची जागा नेमकी इथे आहे.

शीख परंपरेत याला पोषक सवय आधीपासून आहे. दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा समाजासाठी काढणं. तो दरमहा काढता येतो, म्हणून दर महिन्याच्या जबाबदारीला तो फार चांगला जुळतो. दिल्लीत टिळक विहारच्या वस्तीत 1984 च्या हत्याकांडातल्या विधवांची मुलं शिकली, त्यामागे अशी वर्षानुवर्षांची मदत होती. लंगरात बसणाऱ्याला कुणी गुणपत्रिका विचारत नाही. शिक्षणाच्या मदतीतही तेच असावं, असं मला मनापासून वाटतं. पालकत्व घेतलेल्या मुलाचे गुण 70 वरून 48 वर आले तर पैसे थांबवायचे नसतात, घरी जाऊन चौकशी करायची असते. तिथे बहुधा आजारपण किंवा नवं कर्ज सापडतं.

आपल्या महाराष्ट्रात नांदेडसारख्या ठिकाणी शिकलगार शिखांच्या वस्त्या आहेत. यांचे पूर्वज गुरूंच्या फौजेसाठी शस्त्रं घडवत. आज अनेक घरं कढया, झारे, कुलपं-किल्ल्या यांवर चालतात. इथे शिष्यवृत्ती अडते ती दाखल्यावर. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या काळातला शाळेचा किंवा महसुली पुरावा लागतो, आणि आजोबा गावोगाव फिरत होते. अशा मुलाला पालक म्हणून उभा राहणारा माणूस पहिल्या वर्षी फीपेक्षा तहसीलच्या चकरांमध्येच जास्त उपयोगी पडतो. मुलाला हक्काची शिष्यवृत्ती मिळवून देणं हेही पालकत्वातच येतं. दोन्ही मदती एकमेकींना पूरक आहेत, फक्त एकीचं नाव दुसरीला देऊ नये.

पैसे देणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. मुलाच्या खात्यात थेट पैसे टाकले तर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. ती नोंदणीकृत, मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. परदेशात राहणारा, पण भारतीय नागरिकत्व असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवू शकतो. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी मात्र परकीय ठरते. ती फक्त तशी नोंदणी असलेल्या संस्थेच्या स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या खास खात्यातच येऊ शकते, आणि 2020 पासून ती संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. त्यामुळे गावात प्रत्यक्ष काम कोण करतं, हे आधी विचारून घ्या.

संस्थेला आणखी दोन प्रश्न विचारा. एप्रिलमध्ये सत्र सुरू होताना पैसे पोचतात की वर्षअखेर? आणि दाता मध्येच थांबला तर मुलाचं काय? चांगल्या संस्था यासाठी एक राखीव निधी ठेवतात. मुलीचा आभारपत्र हातात धरलेला फोटो मागू नका. ज्यांना दोन-तीन वर्षांचा शब्द देता येत नसेल, त्यांनी संकोच न करता एकदाच द्यावं, ते त्या राखीव निधीत द्यावं आणि त्याला देणगीच म्हणावं.