वारा घाटाकडून, भाजी परसात

मार्चमधल्या एखाद्या सकाळी अकराच्या सुमारास नारळाची चुडतं कुठल्या बाजूला कलतायत ते पाहावं. वारा समुद्राकडून येत असेल तर भाजीच्या वाफ्याला रोजचं पाणी पुरतं. अकरा वाजून गेले तरी तो घाटाकडूनच येत असेल, तर त्या दिवशी मिरचीची फुलं आणि काकडीची कोवळी पानं धोक्यात असतात. कोकणातल्या उन्हाळी परसबागेची निम्मी अडचण या एका गोष्टीत आहे.

किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहतात, हे शाळेत सगळेच शिकतात. दुपारच्या आत खारा वारा सुरू झाला की तापमान ३२-३३ अंशांच्या आसपास अडून राहतं. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मात्र काही दिवस देशावरून येणारे पूर्वेचे वारे इतके जोरात असतात की खारा वारा उशिरा येतो किंवा येतच नाही. ही हवा मुळात कोरडी असते. सह्याद्रीवरून खाली उतरताना ती दाबली जाते आणि दर किलोमीटर उंची कमी होताना सुमारे १० अंशांनी तापते. म्हणून रत्नागिरी, अलिबाग, मुंबई इथे फेब्रुवारी-मार्चमध्येच पारा ३८ च्या वर जाऊ शकतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला किमान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त एवढं पुरतं.

झाडाच्या दृष्टीने खरा फरक आहे तो हवेच्या कोरडेपणाचा. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना हवा पानातलं पाणी ज्या जोराने ओढते, त्याच्या तिप्पट जोराने ती ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओढते. तापमान वाढलं पाचच अंश, पण हवेची तहान झाली तिप्पट. मुळांना तेवढं पाणी वर पोचवता येत नाही, पानं आपली रंध्रं मिटून घेतात, आणि रंध्रं मिटली की पानाला गार ठेवणारं बाष्पीभवनही थांबतं. मग कडा करपतात, फुलं गळतात.

दुपारी माना टाकलेली वेल पाहून लगेच पाइप हातात घेणं ही नेहमीची चूक. आधी दोन इंच माती उकरून बघावी. माती ओली असेल आणि संध्याकाळपर्यंत वेल ताठ होत असेल, तर तिला पाणी कमी पडलेलं नाही, ती फक्त दुपारची ओढ सोसते आहे. अशा वेळी आणखी पाणी ओतलं की मुळांभोवतीची हवा जाते आणि तापलेल्या ओल्या मातीत मुळं कुजायला लागतात. सकाळी सातलाही पानं लोळलेली दिसली, तर मात्र पाणी खरंच कमी आहे किंवा मुळांना काही झालं आहे.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ चौरस मीटरला १ लिटर. एप्रिलमध्ये भरलेल्या वाफ्यातून दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर १० फूट लांब आणि ३ फूट रुंद वाफ्याला साधारण १५ लिटर, म्हणजे एक बादली लागते. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी दीड बादली. ही दीड बादली एका दमात द्यायची नाही. निम्मं पाणी सकाळी आठच्या आत आणि निम्मं चारनंतर, कारण जांभ्याच्या मातीला भोकं फार. पाणी पटकन खाली उतरतं आणि मुळांच्या टप्प्याबाहेर जातं. १२ इंची पिशवीतल्या झाडाला तर अशा दिवशी दोनदा पाणी द्यावंच लागतं. काळी पिशवी भिंतीलगत पश्चिमेच्या उन्हात ठेवली असेल तर आतली मुळं अक्षरशः शिजतात. तिच्याभोवती गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवावं.

जांभ्याच्या मातीला आणखी दोन खोडी आहेत. ती आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात. वरून कितीही स्फुरद दिलं तरी झाडाला थोडंच मिळतं. माती तपासून सामू (pH) ५.५ च्या खाली आला, तर पेरणीच्या महिनाभर आधी चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम शेतीचा चुना मिसळावा. चुलीतली राखही चालते, पण राख किंवा चुना शेणखताबरोबर एकाच दिवशी घालू नये, त्यातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. शेणखत चांगलं कुजलेलं, चौरस मीटरला ३ ते ४ किलो.

कातळावर जिथे माती जेमतेम सहा-आठ इंच आहे, तिथे वाफा खोदण्यापेक्षा चिऱ्यांची एक रांग लावून माती वर भरावी. आणि भरण्याआधी तळाला नारळाची सोडणं अंथरावीत, पोकळ बाजू वर करून. प्रत्येक सोडण म्हणजे पाण्याची वाटी होते, आणि त्यातला काथ्याचा भुसा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. माडाच्या आळ्यात वापरतात तीच युक्ती भाजीलाही लागू पडते. वरून पेंढ्याचं किंवा पातेऱ्याचं दोन-तीन इंच आच्छादन घालावं. त्याने माती गार राहते आणि पहिल्या वळवाच्या थेंबांनी पृष्ठभाग थापला जात नाही. मात्र कोरड्या पातेऱ्याला वाळवी लागते, म्हणून खोडापासून तीन इंच जागा मोकळी सोडावी आणि आच्छादनाखाली चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड टाकावी.

सावलीसाठी ५० टक्क्यांची हिरवी जाळी सरसकट बांधली जाते. माठ, पालक, कोथिंबिरीला ती ठीक. भेंडी, वांगी, मिरची तिच्याखाली नुसती उंच वाढतात आणि फुलं कमी देतात, त्यांना २५ ते ३५ टक्के पुरे. जाळी नसेल तर माडाचे झाप वापरावेत. मार्चमध्ये ते पश्चिमेच्या बाजूला तिरपे लावावेत. मेमध्ये ते डोक्यावर हवेत, कारण रत्नागिरीच्या अक्षांशावर ८ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही आठवडे तो दुपारी थोडा उत्तरेलाच असतो. दक्षिणेची भिंत तेव्हा सावली देत नाही.

काय पेरायचं हा प्रश्न दिवसापेक्षा रात्रीने जास्त ठरवावा. टोमॅटोचे परागकण रात्रीचं तापमान २२-२४ अंशांच्या वर राहिलं की नीट तयार होत नाहीत, आणि किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये रात्र त्याखाली क्वचितच उतरते. देशावर दिवस जास्त तापतो, पण रात्र गार होते. इथली दमट रात्र गार होत नाही. म्हणून टोमॅटो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावून मार्चपर्यंत आटपावा. एप्रिलमध्ये त्याची फुलं गळतात ती खत कमी पडून नव्हे. उन्हाळ्याला खऱ्या अर्थाने साथ देतात ती भेंडी, चवळी, गवार, लाल माठ आणि सगळ्या वेलवर्गीय भाज्या. माठाची अन्न तयार करण्याची पद्धतच वेगळी, ऊस-मक्यासारखी आहे. कडक उन्हात, रंध्रं थोडीच उघडी असताना ती चांगली चालते, आणि २५-३० दिवसांत जुडी हातात येते. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्यावी. कोरड्या उष्ण दिवसांत पांढरी माशी वाढते, तिच्यातून शिरा पिवळ्या करणारा मोझॅक रोग पसरतो, आणि या दोन जाती त्याला बऱ्यापैकी तोंड देण्यासाठीच काढलेल्या आहेत. कारल्यात कोकण तारा आणि शिराळ्यात कोकण हरिता या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जाती इथल्या हवेत वाढवून निवडलेल्या आहेत.

सगळं बी एकाच दिवशी पेरू नये. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरावं. पूर्वेच्या वाऱ्याचे चार दिवस ज्या तुकडीला फुलोऱ्यात सापडतील ती मार खाईल, पण तिच्या मागची सुटेल. भेंडीचं बी १२ तास आणि कारल्याचं २४ तास भिजवून २ सेंटिमीटर खोल टोकावं.

वेलींना फुलं भरपूर आणि फळ एकही नाही, ही तक्रार एप्रिलमध्ये घरोघरी असते. पहिले दहा-बारा दिवस बहुतेक वेलींना नुसती नरफुलंच येतात, ते ठीक आहे. पुढेही तसंच राहिलं तर कारण उष्णता आणि लांबत चाललेला दिवस. दोन्हींनी काकडीवर्गात नरफुलांचं प्रमाण वाढतं. त्यात युरिया जास्त झाला तर वेल पानांतच रमते. मादीफूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे इवलंसं फळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागकण पोचलेले नाहीत, कारण कडक उन्हात मधमाश्या फिरत नाहीत.

मग हाताने परागीकरण करावं, पण वेळ पाळून, कारण प्रत्येक वेलीची घटका ठरलेली असते. काकडी, कारली, लाल भोपळा, घोसाळं यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, तिथे काम आठच्या आत. शिराळं आणि दुधी संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान उमलतात, पडवळ अंधार पडताना. सकाळी नऊला दुधीच्या मिटलेल्या फुलाशी झटून काहीच होत नाही. ताजं नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला भाग मादीफुलाच्या कुक्षीवर हलके फिरवावा. कुक्षीचे तीनही भाग माखले पाहिजेत. एक राहिला तर त्या बाजूच्या बिया भरत नाहीत आणि काकडी वाकडी होते. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरतं. त्या वेळी वेलीवरून पाणी फवारू नये, भिजलेला परागकण फुगून फुटतो. पाणी बुंध्यालाच.

फळ धरल्यावर फळमाशी येते. इथे एक चूक फार होते. आंब्यासाठी आणलेला मिथाइल युजेनॉलचा सापळा कारल्याच्या मांडवात टांगतात. तो आंब्याच्या माशीच्या नरांना बोलावतो, वेलींवरच्या फळमाशीला नाही. तिला क्यू ल्यूरची गोळी लागते. जोडीला, फळ बोटभर झालं की त्यावर कागदी पिशवी चढवावी आणि डंख लागलेली फळं वाफ्यातच न टाकता घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवावीत. अळ्या मातीत गेल्या की कोष होतात, आणि अवकाळी सरीनंतर ओल्या मातीतून माशांची नवी फौज निघते.

ढगाळ दिवसांचं दुखणं वेगळं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत पानावर पांढरी भुरी येते, ढग आणि दव आले की पानाच्या वर कोनाकोनांचे पिवळे डाग आणि खाली राखाडी बुरशी, म्हणजे केवडा. केवड्याला पान काही तास ओलं राहावं लागतं, म्हणून वेल जमिनीवर न सोडता मांडवावर चढवली आणि बुंध्याजवळची जुनी पानं काढली की निम्मं काम होतं. निंबोळी तेल लिटरला ५ मिलिलिटर, थोड्या साबणासह, उन्हं उतरल्यावरच फवारावं. दुपारी फवारलं तर पान भाजतं.

वांगी-मिरचीचं हिरवं झाड पावसाच्या सरीनंतर दोन दिवसांत अचानक लोळलं, तर खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टांगून पाहावं. काही मिनिटांत दुधाळ धागे उतरले तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्याला औषध नाही. झाड मातीसकट काढावं आणि त्या जागी पुढे टोमॅटो, वांगी, मिरची लावू नये. चवळी, माठ चालतील.

खाडीकाठच्या विहिरी मे उजाडेपर्यंत मचूळ होतात. जुन्या पानांच्या कडा आधी करपल्या तर क्षाराचा संशय घ्यावा. घेवड्याला हे पाणी अजिबात सोसत नाही, पालकाला बरंच सोसतं. रोज थोडंथोडं शिंपण्यापेक्षा एकदा भरपूर देऊन क्षार मुळांखाली ढकलावेत, आणि पानांवर तर ते पाणी कधीच मारू नये.

आता पाऊस. २०२३ मध्ये मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडला. मुंबईला पोचला २५ जूनला. २०२५ मध्ये तो २६ मेला मुंबईत होता, नोंदींमधला सर्वात लवकर. म्हणजे महिन्याचा फरक. रोहिणी लागल्या की बी टाकायचं आणि मिरगाला उगवायचं, हा हिशोब दोन्ही वर्षी चुकला असता. २०२५ मध्ये बी वाहून गेलं असतं, २०२३ मध्ये उगवून वाळलं असतं.

म्हणून पावसाळी वेलींचं बी थेट आळ्यात न टाकता १५ मेच्या सुमारास छोट्या पिशव्यांत, पडवीच्या कडेला टाकावं आणि दुसरी तुकडी बारा-पंधरा दिवसांनी. दोन-तीन खरी पानं आली की रोप लावण्याजोगं होतं. चारच्या पुढे गेलं तर वेलीची मुळं दुखावतात आणि ती रुजत नाही, म्हणूनच दोन तुकड्या. पाऊस लवकर आला तर पहिली लावायची, रेंगाळला तर दुसरी. वाफे मात्र १५ मेच्या आतच एक फूट उंच करून बाजूचे चर उतारापर्यंत मोकळे करून ठेवावेत. पहिला जोराचा पाऊस आल्यावर चर खणायला वेळ मिळत नाही.

मांडवाचंही तेव्हाच बघावं. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यात किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळा उन्हाळी वेली अजून मांडवावर होत्या. इशारा आला की तयार फळं काढून घ्यावीत, पश्चिमेकडच्या फांद्या निम्म्या छाटाव्यात आणि जाळीच्या दोऱ्या सोडून ती खाली घ्यावी. जाळी शिडासारखी फुगते आणि खांब उपटून नेते. आडोशाला पत्रा ठोकू नये. भरीव भिंतीच्या मागे वारा भोवरा घेऊन खाली आदळतो. बांबूच्या किंवा काटक्यांच्या वईतून निम्मा वारा आरपार जातो, उरलेल्याचा जोर मोडतो, आणि सहा फुटी वईमागे चाळीस-पन्नास फुटांपर्यंतची भाजी त्या आडोशात राहते.