मुतखड्यातील वृक्कइजेचे मूत्रनिदर्शक

मुतखड्याच्या रुग्णात मूत्रपिंडाला (वृक्काला) इजा झाल्यास लघवीत वाढणारी प्रथिने व एंझाइमे. रक्तातील क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारे व मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारे टाकाऊ द्रव्य) इजा बरीच उशिरा दाखवते : गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्याने घटेपर्यंत ते सामान्य मर्यादेत राहू शकते आणि खडा एकाच बाजूला असेल, तर दुसरे मूत्रपिंड उणीव झाकते.

अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीत आल्यास मुख्यतः केशिकागुच्छातील (मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या झुबक्यातील) गळती दाखवते. एनएजी (एन-ॲसिटिल-ग्लुकोसामिनिडेझ) या एंझाइमाचे रेणू मोठे असल्याने ते रक्तातून सहसा गाळले जात नाही. लघवीतील एनएजी बहुतांशी निकटस्थ नलिकेच्या (केशिकागुच्छालगतच्या मूत्रनलिकेच्या) पेशींतून येते. किम-१ (किडनी इंजुरी मॉलिक्यूल-१) हे १९९८ मध्ये वर्णिलेले प्रथिन निरोगी मूत्रपिंडात जवळजवळ नसते. एनजीएएल हे प्रथिन इजेनंतर काही तासांतच वाढते, परंतु ते रक्तातील पांढऱ्या पेशींतही असते. खड्यासोबत जंतुसंसर्ग असल्यास (आणि तो वारंवार असतो) त्याचा अर्थ लावणे अवघड होते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे लहान प्रथिन आम्लधर्मी लघवीत, अगदी मूत्राशयातच, विघटित होते. युरिक आम्लाचे खडे होणाऱ्यांची लघवी नेमकी आम्लधर्मी असल्याने त्यांच्यात हा निदर्शक फसवा ठरतो.

इजा आधी की खडा आधी, हा वाद जुना आहे. फिनलेसन व रीड यांनी १९७८ मध्ये गणिताने असे मांडले, की लघवी नलिकेतून जाण्यास लागणाऱ्या अल्पवेळात सुटा स्फटिक अडकण्याइतका वाढू शकत नाही. तो भिंतीला चिकटलाच पाहिजे. दुखावलेली पेशी त्याला आधार देते, हे अनुमान यातून बळावले. एथिलीन ग्लायकॉल (शरीरात ज्याचे ऑक्झॅलेट बनते असे रसायन) दिलेल्या उंदरांत स्फटिकांबरोबर एंझाइमेही वाढतात, हा त्याचा पुरावा मानला गेला. मात्र त्या प्राण्यांतील ऑक्झॅलेटाचा भार सामान्य रुग्णापेक्षा फार मोठा असतो. कॉक व खान यांनी १९९४ मध्ये गणित पुन्हा तपासून स्फटिकांचे पुंजके अडकू शकतात, असे दाखवले. रँडल यांनी १९३७ च्या सुमारास वर्णिलेल्या चकत्या (मूत्रपिंडाच्या ऊतीतील कॅल्शियमचे थर, ज्यांवर खडा वाढतो) इव्हान, को व सहकाऱ्यांना २००३ मध्ये हेन्ले पाशाच्या (मूत्रनलिकेच्या वळणदार भागाच्या) आधारपटलात, म्हणजे पेशींखालच्या पातळ थरात, उगम पावताना आढळल्या. अज्ञातहेतुक (कारण न कळलेल्या) कॅल्शियम ऑक्झॅलेट खड्यांच्या त्या रुग्णांत नलिकापेशींची इजा दिसली नाही. आतड्याची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या खड्याच्या रुग्णांत मात्र नलिकांत स्फटिक व भोवती तंतुमयता होती. मानवी ऊतींवर आधारलेला हा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. त्यानुसार निदर्शकांची वाढ खड्याच्या उगमापेक्षा अडथळा, संसर्ग, खड्याचा प्रकार किंवा उपचार यांच्याशी जोडणे सयुक्तिक ठरते. १९८० मध्ये म्यूनिक येथे सुरू झालेल्या आघाततरंग उपचारानंतरही (शरीराबाहेरून तरंग सोडून खडा फोडण्यानंतरही) एनएजी वाढते व बहुधा काही दिवसांत उतरते.

मुंबईच्या दमट उकाड्यात घामावाटे पाणी जाते. लोकलचा लांब प्रवास करणारे, विशेषतः स्वच्छतागृहाअभावी पाणी टाळणाऱ्या स्त्रिया, यांची लघवी दाट होते. अशा नमुन्यात प्रतिलिटर मोजलेला कोणताही निदर्शक वाढलेला भासतो, म्हणून त्याचे लघवीतील क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. अल्ब्युमिनसाठी क्रिएटिनिनच्या प्रतिग्रॅम ३० मिलिग्रॅमपर्यंतचे मूल्य सामान्य धरतात. शहरातील नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफी, युरीन रूटीन व क्रिएटिनिन हेच असते. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची चाचणी प्रायः मधुमेह वा रक्तदाब सोबत असल्यास मागवली जाते. किम-१ व एनएजी यांचा वापर मुख्यतः संशोधनापुरताच आहे.