आरोग्य संशोधनातील प्रश्नावली : रचना, विश्वसनीयता आणि सप्रमाणता

रक्तदाब यंत्राने मोजता येतो, पण वेदना किती होते, मन उदास असते का, गोळ्या ठरल्या वेळी घेतल्या जातात का, हे माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. अशा गोष्टी मोजण्यासाठी ठरावीक शब्दांत, ठरावीक क्रमाने विचारलेल्या प्रश्नांचा संच म्हणजे प्रश्नावली. ती माहिती भरून घेण्याचा साधा कागद नसून मोजमापाचे साधन आहे, आणि म्हणून तिला दोन कसोट्या लागू होतात. व्यक्तीच्या स्थितीत बदल झाला नसेल तर उत्तरही बदलू नये, ही विश्वसनीयता. जे मोजायचे ठरवले तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. तिला वैधता असेही म्हणतात.

पहिली कसोटी उतरली म्हणून दुसरी उतरतेच असे नाही. नैराश्य मोजणाऱ्या एखाद्या प्रश्नावलीत झोप, थकवा आणि भूक यांवरच भर असेल, तर मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णाला ती दर वेळी तेवढेच जास्त गुण देईल; मात्र ते गुण त्याच्या मनाचे असतील की मूत्रपिंडाचे, हे सांगता येणार नाही. उलट बाजूने बंधन पक्के आहे : उत्तरे अस्थिर असतील तर सप्रमाणतेची आशाच नको. गणिती भाषेत, एखाद्या साधनाचा बाहेरच्या कोणत्याही निकषाशी असलेला सहसंबंध (दोन मापे सोबतीने किती कमीजास्त होतात याचा आकडा) त्याच्या विश्वसनीयतेच्या वर्गमुळापेक्षा जास्त असू शकत नाही. विश्वसनीयता 0.64 असेल तर ही मर्यादा 0.80 आहे.

संकल्पना आणि शब्द

काम सुरू होते ते प्रश्नांपासून नव्हे, संकल्पनेच्या व्याख्येपासून. ‘औषध नीट न घेणे’ ही वरवर एकच गोष्ट वाटते. पण कोणी विसरतो, कोणी त्रास होतो म्हणून जाणूनबुजून थांबवतो, कोणाला औषध परवडत नाही. या तिघांसाठी उपाय वेगळे, म्हणून प्रश्नही वेगळे हवेत. ही फोड आधी केली नाही, तर नंतरची कोणतीही सांख्यिकी ती उणीव भरून काढत नाही.

शब्दांकनातले दोष लहान दिसतात आणि निष्कर्ष बिघडवतात. ‘तुम्हाला थकवा येतो आणि भूक कमी लागते का?’ या जोडप्रश्नाला फक्त थकवा येणाऱ्याने काय उत्तर द्यावे? ‘तुम्ही नियमित व्यायाम करता का?’ यातले ‘नियमित’ एकासाठी रोज असते, दुसऱ्यासाठी आठवड्यातून एकदा. त्यापेक्षा ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस?’ हे विचारणे चांगले. नकारार्थी प्रश्न मराठीत विशेष घातक ठरतात. ‘तुम्ही गोळी चुकवत नाही ना?’ याला एक जण ‘हो’ म्हणतो, दुसरा ‘नाही’ म्हणतो, आणि दोघांनाही एकच सांगायचे असते. शिवाय ‘ना’ लावताच अपेक्षित उत्तर विचारणाऱ्यानेच सुचवलेले असते.

लाज वाटणाऱ्या किंवा कमीपणा आणणाऱ्या विषयांत लोक चांगले दिसेल ते उत्तर देतात. ‘बऱ्याच जणांची एखादी गोळी राहून जाते, तुमच्या बाबतीत गेल्या आठवड्यात असे किती वेळा झाले?’ अशी सुरुवात चूक कबूल करायला जागा देते. फारच नाजूक विषयासाठी स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये यादृच्छिक प्रतिसाद तंत्र मांडले : कोणत्या विधानाला उत्तर द्यायचे हे चिठ्ठीसारख्या साधनाने ठरते, मुलाखतकाराला ते दिसत नाही, तरीही समूहातले एकूण प्रमाण काढता येते.

स्मरणशक्तीलाही मर्यादा असतात. काळ लांबवला की किरकोळ आजार विसरले जातात, तर ठळक घटना प्रत्यक्षापेक्षा अलीकडची वाटून त्या काळात ओढली जाते. म्हणून वारंवार येणाऱ्या लक्षणांसाठी एक ते दोन आठवड्यांचा काळ, आणि रुग्णालयात दाखल होण्यासारख्या मोठ्या घटनेसाठी वर्षाचा काळ वापरण्याची पद्धत आहे.

हे दोष लेखकाला स्वतःला सहसा दिसत नाहीत. ते दिसतात बोधात्मक मुलाखतींत. ही पद्धत 1980 च्या दशकात सर्वेक्षणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या सहकार्यातून पुढे आली. प्रश्न वाचून उत्तरदात्याला विचारतात : तुम्हाला यातून काय विचारले असे वाटले? हा आकडा कसा आठवला? हाच पर्याय का निवडला? अशा मोजक्या मुलाखती जे उघड करतात, ते शेकडो भरलेल्या अर्जांतूनही कळत नाही, कारण गैरसमजातून दिलेले उत्तर कागदावर अगदी नेटके दिसते. संशोधनाचा वेळ कमी पडला की नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि तीच सर्वांत महाग पडते.

विश्वसनीयतेचे मापन

स्थिरता तपासण्यासाठी त्याच लोकांना तीच प्रश्नावली पुन्हा देतात. मध्ये साधारण दोन आठवड्यांचे अंतर असते : आधीची उत्तरे विसरावीत, पण प्रकृती बदलू नये. गुणांसाठी अंतर्वर्ग सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन्ही वेळचे गुण प्रत्यक्ष किती सारखे आहेत याचे माप, काढतात. साधा सहसंबंध येथे फसवतो. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण पाचने वाढले, तरी तो 1 च येतो.

‘होय–नाही’ उत्तरांसाठी जेकब कोहेन यांचा 1960 मधील कापा गुणांक वापरतात; योगायोगाने होणारे एकमत वगळून उरलेले एकमत तो मोजतो. त्याची गरज एका उदाहरणाने पटते. दोन मुलाखतकार त्याच 100 जणांना विचारतात. दोघांनाही प्रत्येकी 5 ‘होय’ मिळतात, पण वेगवेगळ्या माणसांकडून. एकमत 90 टक्के दिसते. केवळ योगायोगाने अपेक्षित एकमत मात्र 90.5 टक्के आहे. म्हणजे कापा शून्याखाली जातो.

एकाच संकल्पनेवरची विधाने परस्परांशी जुळतात का, हे ली क्रोनबाख यांच्या 1951 मधील अल्फा गुणांकाने पाहतात. 0.70 च्या वरचे मूल्य सहसा पुरेसे मानतात, 0.95 ओलांडले तर तोच प्रश्न शब्द बदलून विचारला असल्याची शंका घ्यावी. प्रश्न वाढवले की अल्फाही वाढतो : 0.60 विश्वसनीयतेची प्रश्नावली तशाच प्रश्नांनी दुप्पट केली, तर स्पिअरमन-ब्राऊन सूत्रानुसार ती 0.75 होते. म्हणून मोठा अल्फा हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. शिवाय औषध चुकण्याच्या कारणांसारख्या यादीला अल्फा लावणेच गैर आहे. विसरणारा माणूस औषध परवडत नसलेलाही असावा, असे काहीच कारण नाही.

सप्रमाणतेचे पुरावे

आशय सप्रमाणतेत विषयाचे सर्व पैलू आले का, हे तज्ज्ञ आणि त्या आजाराचे रुग्ण, दोघांकडूनही तपासून घेतात. निकष सप्रमाणतेत उत्तरांची तुलना अधिक खात्रीच्या मापनाशी होते, उदाहरणार्थ डॉक्टरांनी केलेल्या निदानाशी. असा निकष नसेल तेव्हा क्रोनबाख आणि पॉल मील यांनी 1955 मध्ये मांडलेली रचना सप्रमाणता कामी येते : संकल्पनेवरून भाकिते करायची आणि गुण तसे वागतात का ते पाहायचे.

प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी 1987 मध्ये प्रसिद्ध झालेली एडिनबरो मापनी जे मोजायचे तेच मोजण्याच्या विचाराचा चांगला नमुना आहे. तिच्यात दहा विधाने आहेत. तान्ह्या बाळाच्या आईची झोप तशीही मोडते, म्हणून झोपेचे विधान दुःखाशी जोडलेले आहे : इतके वाईट वाटते की झोप लागणे कठीण जाते.

‘सप्रमाण प्रश्नावली’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी अपुरा आहे. सप्रमाणता विशिष्ट लोकांसाठी, विशिष्ट हेतूने केलेल्या वापराची असते. समजा, एका प्रश्नावलीची संवेदनक्षमता (आजाऱ्यांना आजारी ठरवण्याचे प्रमाण) आणि विशिष्टता (निरोग्यांना निरोगी ठरवण्याचे प्रमाण) दोन्ही 90 टक्के आहेत. 1,000 जणांत 50 आजारी असतील, तर ती 45 रुग्ण आणि 95 निरोगी माणसे मिळून 140 जणांना आजारी ठरवेल. तिच्या होकारांपैकी जेमतेम एकतृतीयांश खरे. ज्या दवाखान्यात 1,000 पैकी 400 आजारी आहेत, तिथे मात्र 420 होकारांपैकी 360 खरे निघतील. प्रश्न तेच, पर्याय तेच.

भाषांतरातही हाच प्रश्न उभा राहतो. रूढ पद्धतीत दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, मूळ भाषेत उलट अनुवाद, तज्ज्ञांची बैठक आणि प्रत्यक्ष चाचणी असे टप्पे असतात. उलट अनुवाद हुबेहूब जुळला म्हणून निर्धास्त होऊ नये. शब्दाला शब्द ठेवलेला अनुवाद उलटा नेला की उत्तम जुळतो, आणि वाचणाऱ्याला मात्र काही बोध होत नाही. एसएफ-36 या सर्वसाधारण आरोग्याच्या प्रश्नावलीत चालण्याची क्षमता शहरातल्या ‘ब्लॉक’ (दोन रस्त्यांमधला चौकोनी भाग) या अंतरात विचारली आहे. चौकोनी आखणी नसलेल्या वस्तीत हे माप निरर्थक ठरते, म्हणून तिथे दुसरे अंतर घ्यावे लागते, आणि ते घेतल्यावर नव्या विधानाची पारख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.